भावासाठी खोट्यावर सही करू का?

"आईबापांचा मान राख अशी आज्ञा आहे. मग आई सांगते ते न ऐकणं पाप नाही का?" चर्चच्या मंडळीतल्या तरुणांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. तोच घेऊन आलेल्या एका शिक्षकाची हकिगत, ओळख पटू नये इतपत बदलून, सांगते.

वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे थोडी शेती. वारस नोंदीसाठी थोरल्या भावाने प्रतिज्ञापत्र करून आणलं, त्यात वारस म्हणून आई आणि दोन मुलगे. बहिणीचं नाव गाळलेलं. आई म्हणाली, "तिचं लग्नात झालं सगळं. भावाच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, घर फुटेल." त्या कागदावर सही करायची म्हणून या धाकट्या शिक्षकाची झोप उडाली.

ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. अशा वेळी विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींना सारखं. बहिणीवर उपकार करायचा नव्हताच, ते तिचंच होतं.

बायबलमधलं मत्तय १०:३७ त्याने स्वतःच काढलं. माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, असं प्रभू तिथे म्हणतो. घर सोडायलाच सांगितलंय, असं वाटून पुष्कळ जण या वचनाला भितात. मी त्याला म्हटलं, आज तुझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की आईसाठीसुद्धा शपथेवर खोटं लिहायचं नाही. देवाचं नाव पुढे करून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना तर येशूने मार्क ७मध्ये चांगलंच फटकारलंय. वधस्तंभावर असतानाही त्याने आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं.

मग विचारलं, "तुझ्या नकाराचा त्रास कोण सोसणार?" मला हे फार महत्त्वाचं वाटतं. विश्वासाच्या नावाखाली सगळा भार म्हाताऱ्या आईवर पडत असेल, तर तो विश्वास पुन्हा तपासायला हवा.

आधी भावाला एकट्याला गाठायचं ठरलं, मत्तय १८:१५मध्ये सांगितलंय तसं. पाहुण्यांसमोर नाही, आणि वचनं तोंडावर फेकायची नाहीत. "दादा, मी खोट्यावर सही करणार नाही. आईचा दवाखाना मात्र आजपासून माझ्याकडे," इतकंच बोलायचं. आणि दुसरं वाक्य निभवायचंच.

भाऊ भडकला. आईने बरेच दिवस अबोला धरला, पण दवाखान्यात ती धाकट्याबरोबरच गेली. तो सही करेना, तेव्हा थोरल्याला बहिणीच्या नावासकट नवा अर्ज करावा लागला. अजून तो नाताळला याच्या घरी येत नाही.

"मी चुकलो का?" धाकटा अधूनमधून विचारतो. नाही चुकला. देवाचं ऐकलं की घर लगेच जुळतं, असं मी कुणालाच सांगत नाही. शास्त्रही तसं सांगत नाही. आईच्या दवाखान्याची खेप चुकवू नकोस आणि नाताळचं आवतण दरवर्षी स्वतः जाऊन दे, एवढं त्याला सांगून ठेवलंय.