वाचकांचे प्रश्न : वजन उतरण्याआधीच शुगर उतरते ती कशी?

प्रश्न : माझे यजमान ४९ वर्षांचे आहेत, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. दोन वर्षांपासून दिवसातून दोनदा इन्सुलिन घेऊनही एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ९.१ च्या खाली येत नाही. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. माझ्या नणंदेच्या दिरांची अशी बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा चौथ्या दिवशी घरी सोडतानाच त्यांचे इन्सुलिन बंद केले होते. वजन तर तोवर जेमतेम दोन किलो उतरले होते. हे कसे घडते? आणि यजमानांचे इन्सुलिन कायमचे सुटेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पाहिलेली गोष्ट अपवादात्मक नाही. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या रुग्णांचा दीर्घ अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या कोड्याचा गांभीर्याने विचार करीत आले आहे. त्यांच्या टाइप २ मधुमेहाच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची शुगर बायपासनंतर औषधांविना आटोक्यात राहिली होती.

पहिल्या काही दिवसांत जे घडते त्याचा मोठा वाटा यकृताकडे जातो. स्थूल मधुमेही व्यक्तीच्या यकृतात चरबी साठलेली असते. अशा यकृतावर इन्सुलिनचा हुकूम चालत नाही, आणि रात्रभर पोटात काही नसतानाही ते रक्तात साखर सोडत राहते. सकाळची उपाशीपोटीची शुगर चढलेली दिसते ती त्यामुळेच. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण केवळ पातळ पदार्थांवर असतो आणि त्याच्या पोटात दिवसाला काही शेच कॅलरी जातात. शरीर साठ्याकडे वळते तेव्हा यकृतातील चरबी सर्वांत आधी वापरली जाते, म्हणून वजनकाट्यावर फारसा फरक दिसण्यापूर्वीच यकृत पुन्हा इन्सुलिनला प्रतिसाद देऊ लागते. न्यूकॅसल विद्यापीठातील रॉय टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेह होऊन फार वर्षे न झालेल्या ११ जणांना कोणतीही शस्त्रक्रिया न करता दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले होते, आणि त्यांचीही उपाशीपोटीची शुगर आठवड्याभरातच सामान्य पातळीवर आली होती.

दुसरा भाग आतड्याचा आहे. बायपासमध्ये जठराचा एक छोटा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, तर स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग काढून त्याची अरुंद नळी उरवतात. दोन्हींत अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक जेवणानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात स्रवते. हे संप्रेरक स्वादुपिंडाला नेमक्या वेळी इन्सुलिन सोडायला लावते आणि भूकही शमवते. स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता मात्र सावकाश, वजन उतरत जाईल तशी सुधारते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील आकड्यांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नये.

आता इन्सुलिन सुटेल का, याविषयी. शस्त्रक्रियेचा हा लाभ मुख्यतः स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी किती शिल्लक आहेत यावर अवलंबून असतो. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितकी वर्षे चालू, तितकी ते पूर्ण सुटण्याची शक्यता कमी. आपल्या यजमानांचा मधुमेह नऊ वर्षांचा असून इन्सुलिन दोनच वर्षे चालू आहे, म्हणजे ते मधल्या गटात मोडतात. शस्त्रक्रियेपूर्वी सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते आहे, याचा अंदाज तिच्यावरून येतो. मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते की, ज्याला ही शस्त्रक्रिया खरोखर लागू आहे अशा रुग्णाने ती ‘शेवटचा उपाय’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलण्यात शहाणपण नाही, कारण त्या वर्षांत बीटा पेशी झिजत राहतात आणि त्या परत मिळत नाहीत.

तितक्याच स्पष्टपणे हेही सांगायला हवे की ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ अशा जाहिरातींवर विसंबू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार मागे हटलेला होता, परंतु १५ वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात ते १६ आणि ६.५ टक्के होते. म्हणजे लाभ मोठा आहे, पण अनेकांच्या बाबतीत आजार परतही येतो. अशा रुग्णांचीही मधली वर्षे वाया गेली असे मी मानत नाही. डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांना त्या काळात मिळालेली उसंत मोलाची असते.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी कमी कॅलरींचा आहार देतात. त्या दिवसांत इन्सुलिनची मात्रा पूर्वीइतकीच ठेवली तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि ग्लुकोमीटरवरील नोंदी रोज वहीत ठेवाव्यात. यजमान डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातील मधुमेहाची गोळी घेत असल्यास ती निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते, कारण उपाशी शरीरात या गोळ्यांमुळे शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घ्यावा, ९.१ वरून एचबीएवनसी झपाट्याने खाली आले, तर पडद्याचा जुना विकार काही काळ बळावू शकतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी बायपास शस्त्रक्रिया झाली आणि शुगर उत्तम आहे. अलीकडे मात्र नाश्त्यानंतर दोनेक तासांनी दरदरून घाम सुटतो व हात थरथरतात. एकदा तपासले तेव्हा शुगर ५२ होती. मधुमेह परतला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, हे त्याच्या उलट आहे. बायपासनंतर साधारण वर्षभराने किंवा त्याहून उशिरा काही रुग्णांना असा त्रास सुरू होतो. पिष्टमय पदार्थ आतड्यात एकदम उतरल्याने शुगर झपाट्याने चढते, तिला उत्तर म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत शुगर कोसळते. आपल्या नाश्त्यात पोहे, साबुदाण्याची खिचडी, शिरा किंवा फळांचा रस असतो का, ते पाहा. त्याऐवजी अंडे, पनीर किंवा मोडाची उसळ आधी खावी, पोळी वा भात शेवटी आणि थोडाच घ्यावा, आणि खाताना पाणी-चहा टाळावा. शुगर खाली गेलीच तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यावे व बरे वाटताच दाणे किंवा पनीर खावे. घाबरून मिठाई खाल्ली, तर तेच चक्र पुन्हा सुरू होते. ग्लिमेपिराइडसारखी, इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची जुनी गोळी अजून चालू नाही ना, हे आजच तपासा. उपाशीपोटीही शुगर अशीच खाली जात असेल, तर कारण वेगळे असू शकते आणि त्याचा शोध हार्मोनतज्ज्ञांकडूनच घ्यायला हवा. हा त्रास आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवू नये.

प्रश्न : माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) फक्त २९ आहे, पण मधुमेह औषधांना दाद देत नाही. मलाही ही शस्त्रक्रिया सुचवली आहे. मी तर लठ्ठ दिसत नाही. – एक वाचक, फोंडा

उत्तर : सुचवण्यात गैर काही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ असाच होता. तरी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवले की, याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ९.१ टक्के होती. दिसण्यावर जाऊ नये ते यासाठीच. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी मर्यादा अडीचने खाली आणली, त्यामुळे औषधांनी न आटोपणाऱ्या मधुमेहात बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आपल्या आकड्यावर तो विचार अनिवार्य नाही. आधी आधुनिक औषधे पुरेशा मात्रेत घेऊन झाली आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. खर्चाचा मुद्दाही आधीच पाहावा. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांत गंभीर सहव्याधी असली तरी बीएमआय किमान ३५ असण्याची अट आहे, त्यामुळे आपला दावा नाकारला जाण्याची शक्यता धरून चालावे आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर मिळाल्यावरच तारीख ठरवावी.