मेनांडर या प्राचीन ग्रीक नावाचा अर्थ काय? आपलं ‘मिलिंद’ त्यावरूनच आलं का?

मूळ ग्रीक उच्चार ‘मेनांद्रोस’. जुनी ग्रीक नावं बरेचदा दोन शब्द जोडून होत, तसंच हेही. ‘मेनो’ म्हणजे थांबणे, पण लढाईच्या संदर्भात पाय रोवून उभं राहणे. ‘आनेर’ म्हणजे पुरुष. समासात त्याचं ‘आंद्र’ होतं. अलेक्झांडरच्या नावातला शेवटचा तुकडा तोच. थोडक्यात, मेनांद्रोस म्हणजे मागे न हटणारा गडी. काही जण पहिला भाग ‘मेनोस’, म्हणजे जोम, यावरून काढतात. मला ‘मेनो’च पटतं. तुर्कस्तानातली वळणावळणाची मिआंडर नदी मात्र वेगळी, तिचा इथे संबंध नाही.

अथेन्समध्ये या नावाचा गाजलेला माणूस म्हणजे इ.स.पूर्व चौथ्या शतकातला सुखात्मिका लिहिणारा नाटककार. आपल्याकडे पोचला तो राजा मेनांडर, भारताच्या वायव्येला राज्य करणारा ग्रीक, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. त्याची चांदीची नाणी पाहा: एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. तारणहार महाराज मेनांडरचं नाणं, दोन्हीकडे मजकूर एकच. म्हणजे राजाच्या हयातीतच नाव प्राकृतात रुळलं होतं. बाजौरला (आज पाकिस्तानात) सापडलेल्या, अस्थी ठेवायच्या करंडकावर ते ‘मिनद्र’ होतं, काश्मिरी कवी क्षेमेंद्राच्या संस्कृतात ‘मिलिंद्र’ आणि ‘मिलिंदपञ्ह’ या राजा-भिक्खू संवादाच्या पाली बौद्ध ग्रंथात ‘मिलिंद’.

गंमत म्हणजे त्या ग्रंथात राजा भिक्खू नागसेनाला पहिल्यांदा नावच विचारतो. नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण हे नुसतं संबोधन, त्यामागे कुणी ‘व्यक्ती’ सापडत नाही. मग रथाचा दाखला येतो: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत जातो आणि अडकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बाळाच्या नावांच्या पुस्तकांत मिलिंदचा अर्थ ‘भुंगा’ दिलेला असतो आणि तोही चूक नाही, संस्कृतात तो शब्द आहेच. त्यामुळे प्रत्येक मिलिंदला ग्रीक ठरवू नका. पण बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाचं नाव या राजावरूनच आहे. परिसराचं नाव नागसेनवन आहे, यावरूनच ते कळतं. आंबेडकरी घरांत मुलाचं नाव मिलिंद ठेवतात तेव्हाही डोळ्यांपुढे सहसा राजाच असतो, भुंगा नाही.