सातबारा कुणाच्या नावावर?

प्रश्न : मुलगी एडिंबराला एमएससी करते. तिचं नाव तिथल्या मतदारयादीत लागलंय. म्हणते, स्कॉटलंडच्या संसदेसाठी मत देणार. भारतीय पासपोर्टवर हे कसं? आणि लंडनला राजा, संसद सगळं असताना ही दुसरी संसद कशाला? राजाच्या मनात आलं तर ती बंद होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मताचं आधी सांगतो. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे रीतसर व्हिसावर राहत असेल, तर त्याला मत देता येतं. काळजी नको.

मुलाकडे गेलो होतो तेव्हा ही संसद मी पाहिली. होलीरूड राजवाडा, म्हणजे राजाचं स्कॉटलंडमधलं घर, आणि संसद अगदी समोरासमोर. मध्ये एक रस्ता. राजवाड्याला तिकीट, संसदेच्या गॅलरीत फुकट. मी कुठे गेलो ते सांगायला नको.

राजाची धास्ती सोडा. राजमुकुटानं विधेयकाला संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी ॲनचा. तोही मंत्र्यांच्याच सल्ल्यानं. खरी मेख वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या संसदेकडे आहे. १९९७ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ७४ टक्के मतदारांनी स्वतःच्या संसदेला कौल दिला, १९९८ चा कायदा झाला आणि १९९९ मध्ये १२९ सदस्यांची संसद बसली. शाळा, दवाखाने, पोलीस तिच्याकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. पण ही वाटणी नव्हे. जमीन कसायला दिलीय, सातबारा वेस्टमिन्स्टरच्या नावावर.

म्हणजे कसं, ते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे लिंगओळख बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया सोपी करणारं विधेयक ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. महिनाही झाला नाही, तोच लंडनच्या मंत्र्यानं १९९८ च्या कायद्याचं कलम ३५ लावून ते अडवलं. राजाच्या संमतीपर्यंत कागद गेलाच नाही. विधेयक चांगलं की वाईट हा वाद वेगळा; अडवणारा हात कुणाचा ते पाहा. सार्वमताशिवाय ही संसद बंद करायची नाही, असं २०१६ च्या कायद्यात लिहिलंय खरं. पण तो कायदाही वेस्टमिन्स्टरचाच, आणि केलेला कायदा मोडायला तिला कुणाची आडकाठी नाही.

आपल्याकडे निराळं. राज्यांच्या विषयांची सूची संविधानातच आहे. ती बदलायची तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांनी होकार द्यावा लागतो. मात्र हद्दीचं विचाराल तर संविधानाच्या कलम ३ नं ती बदलायचा अधिकार दिल्लीच्या संसदेला दिलाय; त्यापुढे राज्याचं काही चालत नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालंच.

मुलीला सांगा, मतपत्रिका दोन मिळतील : फिकट जांभळी मतदारसंघाच्या उमेदवारासाठी, पीच रंगाची विभागीय यादीसाठी. प्रत्येकीवर एकच फुली. बोटाला शाई लावत नाहीत, तेव्हा फोटोचा हट्ट धरू नका.