रत्नागिरीला पहिल्यांदा ट्रेनने येताय? मग हे वाचा
अरे स्टेशनला उतरलास म्हणजे रत्नागिरीत पोचलास असं नाही हां, स्टेशन कुवारबावला हायवेवर आणि एसटी स्टँड खाली शहरात, मध्ये बरंच अंतर. मुंबईकडून येताना उक्षी स्टेशननंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आत रेंज जाते, म्हणून न्यायला येणाऱ्याला फोन त्याआधीच कर आणि बोगदा संपला की बॅगा काढायला घे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरव, मी एकदा भर पावसात न विचारता बसलो आणि गपगुमान दुप्पट दिले. सामान कमी असेल तर सरळ हायवेवर ये, एसटीला हात कर. गावच्या गाड्या कुठल्या स्टँडवरून सुटतात ते आधी विचार, उगाच मोठ्या स्टँडवर ताटकळत बसू नकोस. आणि पावसाळ्यात ट्रेनचं टाइमटेबल बदलतं, जुना स्क्रीनशॉट चालत नाही बाबा.