सायलाच्या आईचं घराणं

प्रश्न : आमच्या मोसंबीच्या नवतीवर सिट्रस सायला दिसते आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून कीड कुठून आली ते कळतं, असं वाचलं. ती ग्रीनिंग रोग पसरवते आहे का, हेही त्यातच कळेल का?

उत्तर : नाही कळणार. ही गल्लत फार जणांची होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सायला हाती आली की मी भिंगाखाली तिचा एक पाय काढून वेगळ्या नळीत टाकते. कीड जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, पण तेवढासा पाय पुरतो. पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या प्रती दोन, मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या डीएनएच्या, मात्र शेकडो. त्यातल्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचला की प्रजाती पटते, अगदी पिल्लू असलं तरी.

हा डीएनए आईकडूनच येतो, बापाची सरमिसळ नाही. त्यामुळे घराण्याचा माग काढता येतो. अमेरिका खंडात ही कीड एकाच वेळी, एकाच वाटेने शिरली नाही, हे याच जनुकावरून उमगलं.

पण इथे मी नेहमी सावध राहते. कित्येक किडींच्या अंगात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो आणि तोही आईकडूनच पिल्लांत उतरतो. त्याच्या काही वाणांची खोड अशी, की लागण झालेला नर आणि बिनलागणीची मादी यांची अंडी मरतात. लागण झालेल्या माद्यांचीच वीण वाढत जाते आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मायटोकॉन्ड्रियाही. मग सगळ्या बागांत एकच घराणं दिसतं आणि वाटतं, कीड नुकतीच एका ठिकाणाहून आली. म्हणून केंद्रकातली जनुकंही तपासल्याशिवाय मी निष्कर्ष लिहीत नाही.

ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग, त्याचा जिवाणू वेगळा. सायला तो आजारी झाडाच्या रसातून उचलते, तीही बहुतेक पिल्लू असताना. म्हणजे एकाच घराण्यातली एक कीड रोगवाहक, दुसरी निरोगी, असं होऊ शकतं. फ्लोरिडात सायला 1998 मध्ये सापडली, रोग 2005 मध्ये.

म्हणून पाय काढल्यावर उरलेलं धड मी दुसऱ्या नळीत ठेवते आणि त्यात त्या जिवाणूचा डीएनए शोधते. तुम्हीही प्रयोगशाळेला दोन्ही तपासण्या सांगा. किडी 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पाठवा. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. आणि ज्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा वेगवेगळा पसरलाय, ती पानंही सोबत द्या.