मारक पेशींना आपले-परके कसे कळते?

प्रश्न : ‘नैसर्गिक मारक पेशी’ या रक्तातील रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी पूर्वओळख नसतानाही विषाणूग्रस्त पेशी मारतात, असे वाचले. मग त्या आपल्याच निरोगी पेशींवर का उलटत नाहीत?

उत्तर : याचे उत्तर या पेशींच्या जडणघडणीत आहे. १९७५ साली स्टॉकहोममध्ये रॉल्फ किसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील या पेशींचे वर्णन केले. ‘नैसर्गिक’ हे विशेषण पूर्वतयारीविना मारण्याच्या गुणावरून आले, पण तो गुण काही जन्मतः पूर्ण नसतो.

अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून त्यांचे पूर्वज निघतात आणि माणसात त्यांतील काही लसिका गाठी व टॉन्सिलमध्ये जाऊन इंटरल्युकिन-१५ या प्रथिनाच्या आधाराने वाढतात. आरंभी त्यांच्या पृष्ठभागावर सीडी५६ हा रेणू दाट असतो. पुढे तो विरळ होतो, सीडी१६ हा दुसरा रेणू दिसू लागतो आणि पेशीत परफोरिन व ग्रॅन्झाइम या समोरची पेशी मारणाऱ्या प्रथिनांनी भरलेल्या कणिका साठतात. रक्तातील सुमारे ९० टक्के मारक पेशी अशा विरळ सीडी५६ असलेल्या असतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते त्यांचे शिक्षण. निरोगी पेशींवर एचएलए रेणू ओळखपत्रासारखे असतात आणि मारक पेशीवरील लगाम घालणारा ग्राही (खूण ओळखणारा रेणू) त्यांना जुळला, तर हल्ला थांबतो. ज्या पेशीला स्वतःच्या शरीरातील एचएलएशी जुळणारा असा एकही ग्राही मिळत नाही, ती सहसा मंद प्रतिसादाची राहते. याउलट असा ग्राही मिळून शिकलेल्या पेशीला समोर ओळखपत्र हरवलेली, ताणाच्या खुणा दाखवणारी पेशी आढळली, की ती तिला घट्ट चिकटते आणि कणिका नेमक्या त्याच बाजूने रित्या करते.