गॅसिफायरची काळी राख सिमेंटच्या विटांत चालेल का? आणि तिला चार (इंग्रजी char) का म्हणतात?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जवळच्या कारखान्यातली गॅसिफायरची (कोळशापासून जळणाचा गॅस बनवणाऱ्या भट्टीची) काळसर राख फुकट भेटतेय आणि दीपनगरच्या वीज केंद्रातल्या राखेऐवजी ती विटांत टाकायचा विचार आहे. थांबा जरा. मी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात कोळशाच्या गॅसिफायरवर चार वर्ष काढेल आहेत, आता भुसावळकडे विटाच पाडतो, म्हणून दोन्ही राखा हातातल्या आहेत.

आधी चारचं. आपल्याकडे भरताची वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात ना, त्या पेटलेल्या काड्यांवर घमेलं पालथं घातलं तर खाली हलका काळा कोळसा उरतो, काडीचा आकार तसाच राहतो, तो चार. उघडंच सोडलं तर सकाळी नुसती पांढुरकी राख. गॅसिफायरमधे हवा मुद्दाम कमी देतात, कारण कोळसा पूर्ण जाळायचा नसतो, त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन काढायचा असतो. मग जो कार्बन वायू व्हायचा राहून जातो तोच हा चार, तो राखेबरोबर खाली येतो आणि माल काळा दिसतो. म्हणजे तुम्हाला जे फुकट देताय त्यात अर्धवट वापरलेला कोळसा आहे.

आमचा मिस्त्री वरच्या भोकातून लांब सळई आत खुपसायचा, दोन-तीन मिनिटं ठेवून बाहेर काढायचा, सळईचा जेवढा भाग लाल तेवढा आगीचा थर आणि खालचा काळा भाग म्हणजे राखेचा थर. लाल भाग खाली सरकला की तो म्हणायचा कोळसा चालला राखेत, आणि खरंच त्या दिवशीची राख काळीकुट्ट निघायची. हवेबरोबर आत सोडायची वाफ कमी पडली की उलटी भानगड, आग भडकून राख वितळायची आणि दगडासारखा क्लिंकर जाळीवर बसायचा, मग तोच सळईने फोडत बसा. कमी हवेत राखेतलं लोखंड पूर्ण ऑक्सिडाइझ होत नाही, ते सिलिकाशी मिळून लवकर वितळतं, म्हणून एकाच कोळशाची राख चुलीत नीट राहते आणि गॅसिफायरमधे चिकटते.

आता विटा. दीपनगरची फ्लाय अॅश, म्हणजे धुराबरोबर उडणारी बारीक राख, चालते कारण ती भट्टीत वितळून हवेतच पटकन थंड झालेल्या बारीक काचेच्या गोळ्या असतात, त्या चुन्याशी-सिमेंटशी हळूहळू पकडतात. गॅसिफायरच्या जाळीवरची राख तशी नसते. सिलिका-अॅल्युमिना तिच्यातही भरपूर, पण ती जाळीवर सावकाश थंड झालेली, खडबडीत, पकड कमी, फार तर वाळूसारखी समजा. आणि चार म्हणजे नुसती भोकंच भोकं. चांगल्या फ्लाय अॅशचं पृष्ठफळ एका ग्रॅमला जेमतेम चौरस मीटरभर असतं, काही चारचं शंभराच्या वर जातं, त्यामुळे तो पाणी पिऊन टाकतो आणि वीट कच्ची राहते. आयएस 3812 या भारतीय मानकात फ्लाय अॅशला जळून होणारी घट (तापवल्यावर कमी होणारं वजन, बहुतेक कार्बनच) 5 टक्क्यांच्या आत लागते ती उगाच नाही.

मोजायचं सोपं आहे. राख तव्यावर सुकवून 100 ग्रॅम घ्या, मातीच्या पसरट परळात पातळ पसरून भट्टीत लालबुंद होऊन दोनेक तास राहू द्या, मधे एकदा हलवा, थंड झाल्यावर वजन करा. 78 भरली तर 22 ग्रॅम गेलं, ते बहुतेक कार्बनच. लॅबएवढं अचूक नाही, पण आपल्या कामापुरतं पुरतं.

एवढा कार्बन निघाला तर सिमेंटच्या विटांचा नाद सोडा आणि लाल विटा पाडणाऱ्याला द्या. 20 टक्के कार्बन म्हणजे किलोमागे साधारण 1500 किलोकॅलरी, मातीत मिसळला की वीट आतून भाजते, कोळसा वाचतो, फक्त जास्त झाला तर विटेचं पोट काळं राहतं.

केळीच्या बागेत मात्र टाकू नका, कोळशातले बरेच जड धातू राखेतच राहतात, बायोचार (काड्या-पाल्याचा केलेला कोळसा) वेगळा. आणि भरायच्या आधी मुठीत घेऊन वास घ्या. काही ठिकाणी ही राख गॅसमधून निघालेल्या डांबराच्या पाण्याने विझवतात आणि चार ते सगळं शोषून घेतो. डांबराचा वास आला तर ट्रॅक्टर रिकामा परत आणा.